काक्षी की आर्द्रा? (मृगातल्या ताऱ्यांची नावं)

सायंतारा: आकाशदर्शनाच्या कार्यक्रमासाठी एका इंग्रजी माहितीपत्रकाचं मराठी करतेय. त्यात ओरायन (आपलं मृग नक्षत्र) हा शिकारी, त्याच्या उजव्या खांद्यावर लाल बेटेलज्यूज, डाव्या पायाशी निळसर रायजेल. मी सरळ ‘मृगाच्या उजव्या खांद्यावर’ लिहून मोकळी झाले. तपासणाऱ्या बाईंनी समासात विचारलंय, ‘हरणाला खांदा?’ खरंच आहे, आपल्याकडे कोपऱ्यांवरचे ते चार तारे म्हणजे हरणाचे चार पाय. शिवाय बेटेलज्यूजला मी आर्द्रा म्हटलं होतं, ते खोडून त्यांनी काक्षी केलंय. आमच्या घरी सगळे आर्द्राच म्हणायचे. कोणतं ठेवू? आणि खांद्याचं काय करू?

निशाचर: काक्षी. बेटेलज्यूज काक्षी, रायजेल राजन्य, हे मराठी खगोलाच्या पुस्तकांत कधीच रुळलंय. आर्द्रा हे नक्षत्राचं नाव, ताऱ्याचं नव्हे.

पाणिनीचा शेजारी: मग चित्रा, स्वाती, मघा ही कोणाची नावं? नक्षत्राचीही आणि ताऱ्याचीही. आर्द्रा तर एकाच ताऱ्याचं नक्षत्र, देवता रुद्र. तिथे नक्षत्र आणि तारा वेगळे काढणार कसे? आणि हे काक्षी कोणत्या जुन्या ग्रंथात आहे ते कुणीतरी दाखवा. पुस्तकात छापलं म्हणजे परंपरा झाली असं नाही.

निशाचर: ग्रंथच हवा तर सूर्यसिद्धांत घ्या. त्यात आर्द्रेचा योगतारा, म्हणजे नक्षत्राची जागा दाखवणारा मुख्य तारा, क्रांतिवृत्ताच्या (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेच्या) दक्षिणेला ९ अंश दिलाय. बेटेलज्यूज आहे १६ अंशांवर. सात अंश म्हणजे आभाळात चांगलं अंतर असतं हो. आर्द्रा म्हणजे हाच तारा, हे तुम्ही गृहीत धरलंय.

मस्कतकर: काक्षीबद्दल माझा एक तर्क, पटला तर घ्या. अरबीत हा मुळात ‘यद अल्-जौज़ा’, जौज़ाचा म्हणजे ओरायनचा हात. शब्दाच्या सुरुवातीला ‘य’च्या खाली दोन ठिपके, ‘ब’च्या खाली एक. मध्ययुगात हे नाव लॅटिनमध्ये उतरवताना एक ठिपका गळला आणि यदचं बद झालं. पुढच्या विद्वानांना त्या ‘ब’चा अर्थ लागेना, तेव्हा त्यांनी ‘इब्त’ हा शब्द धरला. इब्त म्हणजे काख. आता आपल्याकडे या: संस्कृत कक्ष, मराठी काख, आणि ताऱ्याचं नाव काक्षी. मला तर हे सरळ त्या काखेचं संस्कृत वाटतं. रायजेलचं मात्र सोपं आहे, रिज्ल म्हणजे पाय.

पाणिनीचा शेजारी: म्हणजे एका नकलनवीसाचा ठिपका चुकला म्हणून आपण हरणाच्या खुराला काख म्हणायचं! ताई, आर्द्राच ठेवा.

खडूस वाचक: बुवा, व्युत्पत्ती चुकली म्हणून शब्द टाकायचे ठरवलंत तर कोशाचे पुठ्ठेच उरतील. बेटेलज्यूज हे नावसुद्धा त्याच चुकीचं अपत्य आहे, ते जगभर चालतंच ना? २०२०च्या फेब्रुवारीत हा तारा नेहमीपेक्षा कितीतरी मंद झाला होता, फुटतोय की काय म्हणून गाजावाजा झाला. नंतर कळलं, ताऱ्याने धूळ टाकली होती तीच आड आली. तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅपवर सगळे ‘काक्षी’च म्हणत होते. लोक म्हणतात ते नाव.

पाणिनीचा शेजारी: तुमच्या व्हॉट्सअॅपवरचे लोक म्हणजे लोक नव्हेत.

बांधावरचा: मग आम्ही धरू का लोक? आमच्या आज्याला काक्षी ठाऊक नव्हती नि राजन्यही. मधल्या तीन ताऱ्यांना तो तिकांडं म्हणायचा. रात्री पाण्याची पाळी असली की तिकांडं कुठवर आलं ते बघून बारं बदलायचा. सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज, मागचे तीन चोर. पूर्ण हरीण त्याने कधी दाखवलं नाही, त्याच्या कामाचे तारे तेवढे तीन.

मस्कतकर: तिकांडं! अहो, हा तर ऐतरेय ब्राह्मणातला शब्द. प्रजापती हरणाचं रूप घेऊन स्वतःच्याच मुलीच्या मागे लागतो, ती रोहिणी. त्याला बाण मारणारा मृगव्याध. आणि तो बाण ‘इषुस्त्रिकांडा’, तीन कांड्यांचा. त्या तीन ताऱ्यांची रेघ एका बाजूला वाढवली तर व्याधाच्या ताऱ्याकडे जाते, दुसऱ्या बाजूला रोहिणीच्या. सगळी गोष्ट एका ओळीत मांडलेली आहे. तुमच्या आजोबांच्या तोंडी हा शब्द बाणासकट शाबूत होता, आणि आपण इथे काखेवरून भांडतोय.

निशाचर: वेदांचा काळ ठरवणाऱ्या लोकमान्य टिळकांच्या १८९३च्या ‘ओरायन’ या पुस्तकाचा सगळा डोलारा याच मृगावर आहे. फक्त ओरायन हे नाव ‘अग्रयण’ या संस्कृत शब्दावरून आलं हे त्यांचं म्हणणं घेऊ नका, ते भाषाशास्त्रात टिकलेलं नाही.

पाणिनीचा शेजारी: टिकलं नाही असं तुम्ही म्हणता. ग्रीकमध्ये तरी त्या नावाची धड व्युत्पत्ती कुठे लागलीय?

सायंतारा: खांद्याचं सांगता का कुणी? ‘पुढच्या पायाचा लाल तारा’ केलं तर चालेल? पत्रक उद्या छापायला जातंय. कार्यक्रम आम्ही मृग नक्षत्राच्या मुहूर्तावर जूनमध्ये ठेवलाय.

निशाचर: जूनमध्ये? मृग लागतो म्हणजे सूर्य मृगात येतो. तेव्हा हरीण दिवसा डोक्यावर असतं, रात्री नसतं. डिसेंबर-जानेवारीत ठेवा.

मालवणी मसाला: आणि ‘मृग लागतो’ काय? मिरग! आमच्याकडे त्या दिवशी घरोघर कोंबडा शिजतो, वडे होतात.

बांधावरचा: आमच्याकडे मिरग ‘निघतो’, लागत नाही. कोंबडा नाही, हिंग नि गुळाची गोळी खायची. पावसाळ्यात पोट धड राहतं म्हणतात.

खडूस वाचक: निघतो म्हणजे काय? कुठून निघतो?

बांधावरचा: पाऊस कुठून निघतो तिथूनच.

मालवणी मसाला: हिंग-गुळावर मिरग? गरीब बिचारे. गावठी कोंबडा हवा, ब्रॉयलर नको.

पाणिनीचा शेजारी: ‘गावठी’ हा शब्द मला त्या अर्थाने खटकतो. नवा धागा काढू का?