हाडांचा ढीग म्हणजे पूरच?

डायनोसॉरची शेकडो हाडं एकाच थरात मिळाली, की कळप पुरात गेला असं म्हटलं जातं. असेलही. पण मे २०१५ मधलं कझाकस्तान आठवा. तीनेक आठवड्यांत २ लाखांहून जास्त सायगा (हरणासारखे प्राणी) उघड्या माळावर मेले. ना पूर, ना लांडगे. कारण पाश्चुरेला नावाचा जंतू, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्याआधी म्हशींना लस टोचतात त्या घटसर्पाचाच! एरवी हा जंतू सायगांच्या घशात निमूट असतो. हवा दमट-उबदार झाली आणि उलटला. हाडांवर खूण शून्य. त्यात मेलेल्या बहुतेक नुकत्याच व्यायलेल्या माद्या आणि त्यांची पिल्लं. लाखो वर्षांनी कुणी तो माळ खणला, तर या जातीत नर जवळपास नव्हतेच असंही लिहून मोकळा होईल.