दगडांच्या गोंगाटात विसरलेल्या गायी

इस्रायली रणगाड्यापुढे पॅलेस्टिनी पोरांनी फेकलेला दगड म्हणजे निव्वळ प्रतीक, त्याला हिंसा कशाला म्हणायचं, असं कुणी लिहिलंय. अर्धंच पटलं. रणगाड्यावर टण्णकन आपटणारा दगड प्रतीक असेलही, पण धावत्या गाडीच्या काचेतून आत येणारा नाही. २०११ मध्ये वेस्ट बँक या इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी प्रदेशात, हेब्रॉन शहराजवळ तसाच दगड लागून गाडीला अपघात झाला आणि त्यात एक बाप आणि त्याचं तान्हं मूल गेलं.

पण १९८७ च्या इंतिफादात, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धच्या पॅलेस्टिनी उठावात, फक्त दगडच होते का? फोटो त्यांचे छापून आले, एवढंच. बेथलेहेमशेजारच्या बैत साहूर गावाने १९८९ मध्ये कर भरणंच बंद केलं. इस्रायली लष्कराने घराघरांतून सामानसुमान उचलून नेलं, तरी लोक बधले नाहीत. इस्रायली दूध नको म्हणून तिथे १८ गायी पाळल्या होत्या, त्या सुरक्षेला धोका ठरल्या आणि शोधायला सैनिक निघाले! (हसावं की रडावं?) दगडाला उत्तर लष्कराकडे तयार असतं, गायीला नव्हतं.

शिवाय दगडाची किंमत मोजतात पोरं. वेस्ट बँकेत बारा वर्षांच्या पॅलेस्टिनी मुलावरही इस्रायली लष्करी कोर्टात खटला चालू शकतो. इंतिफादाची पत्रकं काढणाऱ्या पुढाऱ्यांनी हा हिशोब कधी मांडला होता का, हा माझा खरा प्रश्न आहे.