लुकलुकणारा हिरवा माणूस

रस्ता ओलांडण्याच्या या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, 'पादचारी सिग्नलवरचा हिरवा माणूस लुकलुकायला लागला की पळत सुटायचं'. हे पटलं नाही. ते लुकलुकणं आधीच रस्त्यात उतरलेल्यांसाठी असतं. फुटपाथवर असाल तर थांबायचं. हिशोब बघा: चाल सेकंदाला १.२ मीटर धरली तर १८ मीटरच्या रस्त्याला १५ सेकंद लागतात. सिग्नलवर उरलेल्या सेकंदांचा आकडा ८ वर असताना उतरलात तर जेमतेम दुभाजक गाठाल. आजोबा सोबत असतील तर तेही नाही.

डावीकडे वळणाऱ्या गाड्यांचा विषय मात्र चर्चेत कुणीच काढला नाही. आपल्याला हिरवा असतानाही त्या बऱ्याच चौकांत वळतच असतात. वाहतुकीच्या दिशेने डाव्या फुटपाथवरून चालत येऊन आडवा रस्ता ओलांडताना त्या मागून येतात, म्हणून उतरण्याआधी उजव्या खांद्यावरून मागे बघा. थांबलेल्या बसपुढून जाताना तिच्या कडेशी क्षणभर थबका. पलीकडून बाइक सुसाट येते.