मदत हवी आहे: ‘मी निघतोच आहे’ हे इंग्रजीत कसे शिकवावे?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात मी सातवीला इंग्रजी शिकवते. मराठीत आपण ‘मी निघतो’ असे वर्तमानकाळातच म्हणत असल्याने मुले सरळ ‘आय गो’ लिहितात. काल कपाशीच्या वावरावर काळे ढग दाटले, तेव्हा ‘इट इज गोइंग टू रेन’ त्यांना लगेच पटले, कारण खूण डोळ्यांसमोर होती. ‘आय अ‍ॅम अबाउट टू लीव्ह’ म्हणजे चप्पल घालून दारात उभे असणे, हेही समजले. मात्र ‘आय अ‍ॅम गोइंग टू नागपूर टुमॉरो’ यातील ‘गोइंग टू’पुढे क्रियापद नसून गाव आहे, आणि फोन वाजताच ऐनवेळी ठरवून म्हटलेले ‘आय विल टेक इट’ वेगळे, इथे मुले हमखास अडखळतात. हा फरक व्याकरणाचे नियम न घोकवता, रोजच्या बोलण्यातून कसा रुजवावा, हे अनुभवी शिक्षकांनी कृपया सांगावे.