जातिवंत पिल्लू घेताना वंशावळीचा कागद पाहावा की आईवडिलांच्या तपासण्या?

माळवाट (चर्चेची सुरुवात)

लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर किंवा जर्मन शेफर्डचे पिल्लू घेऊ पाहणारे बहुतेक जण विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारतात, तो ‘केसीआयचे कागद आहेत का?’ हा. केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला पिल्लाचे आईवडील आणि आजेआजोबा कोण हे सांगतो. त्यांचे खुबे, डोळे, हृदय निरोगी आहे की नाही याबद्दल तो काहीही सांगत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की पिल्लू आई पाहून आणि आईवडिलांच्या तपासण्यांचे अहवाल वाचूनच घ्यावे. जो ब्रीडर या दोन गोष्टी दाखवायला तयार नसेल, त्याच्याकडचे पिल्लू कितीही गोजिरवाणे असले तरी तिथून परत फिरावे.

या तिन्ही जातींत हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याच्या सांध्याचा दोष, वारंवार आढळतो. मांडीच्या हाडाचा गोल माथा खोबणीत घट्ट बसत नाही, सांधा सैल राहतो, कूर्चा झिजत जाते आणि ऐन उमेदीच्या वयात कुत्रे जिना चढायला नाखूश होते. या दोषामागे एक नव्हे तर अनेक जनुके असतात, त्यामुळे दोन महिन्यांच्या पिल्लाचे रक्त तपासून तो सांगता येत नाही. जो काही अंदाज बांधता येतो तो आईवडिलांच्या एक्स-रेवरून. ब्रिटनच्या पद्धतीत हा एक्स-रे कुत्रे किमान एक वर्षाचे झाल्यावर काढतात, तर अमेरिकेतील ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था अंतिम दाखला दोन वर्षांनंतरच देते. म्हणजेच ज्या मादीला वर्षाच्या आतच, पहिल्या माजावर, नर दाखवला गेला, तिच्या खुब्यांची खात्री कोणीही केलेली नसते, मग तिचा कागद कितीही पिढ्यांचा असो.

डोळ्यांच्या पडद्याचा हळूहळू ऱ्हास होऊन अंधत्व आणणारा पीआरए हा रोग वेगळ्या प्रकारचा आहे. लॅब्राडॉरमधील त्याचा प्रमुख प्रकार एकाच अप्रभावी जनुकामुळे होतो आणि त्याची जनुकीय चाचणी उपलब्ध आहे. दोन वाहकांची, म्हणजे स्वतः निरोगी असूनही या सदोष जनुकाची एक प्रत बाळगणाऱ्या कुत्र्यांची, जोडी लावली तर सरासरी चारांतले एक पिल्लू या रोगाच्या वाटेवर जन्मते. वाहकाची जोडी निर्दोष जोडीदाराशी लावली तर एकही पिल्लू आंधळे होत नाही. इतक्या सोप्या उपायाने टळणारे अंधत्व केवळ चाचणीचा खर्च नको म्हणून जन्माला घातले जाते, याची मला मनापासून चीड येते.

कायद्याने ठरवलेली किमान मर्यादाही लक्षात ठेवावी. 2017 च्या श्वानपैदास व विक्री नियमांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. मादी किमान दीड वर्षाची असावी, तिची वर्षात एकापेक्षा जास्त आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेते होऊ नयेत आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये, असे हे नियम सांगतात.

निवारा

माळवाट यांनी दिलेली माहिती उपयुक्त आहे, परंतु त्यांचे गृहीतकच मला मान्य नाही. ‘जबाबदार ब्रीडर’ शोधावा, असे सांगून आपण खरेदीला प्रतिष्ठा देतो. प्रत्यक्षात मात्र दहा जण हा सल्ला ऐकतात आणि त्यांतले बहुतेक शेवटी जवळच्या, स्वस्त आणि लगेच पिल्लू देणाऱ्या विक्रेत्याकडे जातात. ज्यांच्या पिंजऱ्यांत माद्या वेतामागून वेत देत झिजतात, त्यांचा धंदा याच मागणीवर चालतो. मी ज्या निवाऱ्यात काम करते तिथे हौस फिटल्यावर सोडून दिलेली लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्ड कुत्री येतात. जातिवंतच हवे असेल तर त्यांना घर द्यावे, आणि जातीचा आग्रह नसेल तर आपल्या गल्लीतली पिल्ले आहेतच. पिढ्यान्पिढ्या मोकळ्या संकरातून आलेल्या गावठी कुत्र्यांत माणसाने लादलेले असे दोष कमी दिसतात आणि आपले हवामान त्यांना मानवते.

माळवाट

दत्तक घेण्याला माझा विरोध नाही. आपल्या कुटुंबाला कोणत्या स्वभावाचे कुत्रे झेपेल याचा ज्यांना नेमका अंदाज नाही, त्यांनी निवाऱ्यातले प्रौढ कुत्रे घेणे अधिक शहाणपणाचे, कारण त्याचा स्वभाव समोर दिसतो. परंतु जे खरेदी करणारच आहेत त्यांना आपण काही सांगितले नाही, तर त्यांना सल्ला देणारा एकटा विक्रेताच उरतो.

कारवानप्रेमी, लातूर

या चर्चेत शहरातल्या परदेशी जातींचाच विचार चालला आहे. आमच्या भागात कारवान आणि लांब केसांची पश्मी ही कुत्री पिढ्यान्पिढ्या शेतकरी, धनगर आणि भटक्या समाजांनी सांभाळली. केनेल क्लब ज्याला कारवान हाउंड म्हणतो, त्याची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने मुधोळ हाउंड या नावाने केली आहे, आणि 2005 साली डाक विभागाने त्याचे तिकीटही काढले. यांतल्या किती कुत्र्यांकडे कागद होते? आमच्या वडीलधाऱ्यांनी जी मादी उन्हातान्हात माळावर टिकली, जिचा दम लवकर सुटला नाही आणि जिने घरच्या माणसांवर कधी दात दाखवला नाही, तिचीच पिल्ले ठेवली. तीच आमची तपासणी होती. शिवाय सडपातळ, वेगवान शिकारी कुत्र्यांत खुब्याचा दोष फारच क्वचित दिसतो. ग्रेहाउंडमध्ये तो जवळजवळ नाहीच. तेव्हा लॅब्राडॉरसाठी केलेली यादी हातात घेऊन आमच्या दारात येऊन ‘एक्स-रे दाखवा’ म्हणणे हे अज्ञान आहे, जबाबदारी नव्हे.

माळवाट

आपला आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याचा पहिला भाग मी पूर्णपणे मान्य करतो. तपासण्या जातीनुसारच ठरायला हव्यात. डोबरमनच्या बाबतीत हृदयाच्या स्नायूचा आजार पाहावा लागतो, डॅल्मेशियनच्या पिल्लाची श्रवणचाचणी व्हावी लागते. कारवानच्या खरेदीदाराने खुब्याचा एक्स-रे मागण्यापेक्षा दुसरेच प्रश्न विचारावेत.

मात्र आपण वर्णन केलेली निवड आज कितपत उरली आहे? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ससा, काळवीट यांची शिकार गुन्हा ठरली, आणि ते योग्यच झाले. परंतु त्यामुळे ज्या कामावरून कुत्र्याची पारख होत होती ते कामही संपले. आता मागणी शहरांतून येते आणि पिल्लू उंची, रंग आणि छायाचित्रावरून विकले जाते. गावात एकच देखणा नर नावाजला की आसपासच्या सगळ्या माद्या त्याच्याकडे नेल्या जातात आणि दोन-तीन पिढ्यांत त्याच्याच नाती त्याच्याच नातवंडांशी जोडल्या जातात. वंशावळ लिहिलेली नसेल, तर हे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून कारवान घेणाऱ्याने मादी कोणत्या नराला दिली, त्या नराची आई कोण, मागच्या वेतातली पिल्ले आज कुठे आहेत आणि कशी आहेत, हे विचारावे आणि शक्य असल्यास ती पिल्ले पाहून यावे.

कारवानप्रेमी, लातूर

वही ठेवायला हवी, हे मी मान्य करतो आणि आमच्यातले काही जण ती ठेवतातही. पण मला भीती वाटते ती पुढच्या पायरीची. एकदा नोंदणी झाली की ज्याच्याकडे कागद नाही त्याचे कुत्रे ‘मिश्र’ ठरते. वाडीवस्तीवर अजूनही जी उत्तम कुत्री आहेत ती पैदाशीबाहेर पडतील आणि प्रदर्शनात बक्षीस मिळवणाऱ्या मोजक्या घराण्यांवर सगळी जात उभी राहील.

वंशसूत्र

ही भीती खरी आहे हे दाखवणारे उदाहरण डॅल्मेशियनचे आहे. या जातीच्या नोंदवहीतल्या जवळपास सगळ्याच कुत्र्यांत यूरिक ॲसिड वाढवणारा जनुकीय दोष पसरला होता, त्यामुळे अनेकांना, विशेषतः नरांना, मूतखड्यांचा त्रास होत असे. वहीतल्या कुत्र्यांमध्ये निर्दोष जोडीदारच नसल्यामुळे कितीही चाचण्या करून उपयोग नव्हता. 1973 साली अमेरिकेत एका शास्त्रज्ञाने एकदाच पॉइंटर जातीशी संकर करून पुढच्या पिढ्या पुन्हा डॅल्मेशियनशी जोडल्या आणि तो दोष दूर केला. तरीही अमेरिकन केनेल क्लबने त्या वंशाची नोंदणी कायमची स्वीकारली ती 2011 साली. ‘शुद्ध’ या कल्पनेला चिकटून राहिल्यामुळे मधल्या काळात किती जनावरांनी वेदना सोसल्या असतील, याचा विचार माळवाट यांच्या मांडणीत कुठेच नाही. चांगला ब्रीडरसुद्धा बंद वहीच्या आतच निवड करतो.

पशुवैद्य, पश्चिम महाराष्ट्र

माझ्या टेबलावर येणाऱ्या नव्या पिल्लांचे मालक खुब्यासाठी येत नाहीत. ते येतात रक्ताचे जुलाब आणि उलट्या घेऊन. पार्व्हो विषाणूची लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण तीन दिवस ते दोन आठवडे लागतात, म्हणून विक्रीच्या दिवशी उड्या मारणारे पिल्लू घरी आल्यावर कोसळते. हा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो. ‘सगळी इंजेक्शने झाली आहेत’ असे आठ आठवड्यांच्या पिल्लाबद्दल कोणी सांगत असेल तर ते खोटे आहे, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीला दाद देत नाही. म्हणून पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देऊन तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत लस पुन्हा द्यावी लागते. लसीच्या बाटलीवरचे लेबल चिकटवलेले आणि डॉक्टरांची सही असलेले पुस्तक मागावे. पिल्लाला मायक्रोचिप असेल तर तिचा 15 अंकी क्रमांक दवाखान्यात स्कॅनर लावून कागदावरच्या क्रमांकाशी ताडून घ्यावा, कारण एका पिल्लाचा कागद दुसऱ्याला जोडणे अवघड नाही.

खुब्याबद्दलही एक गोष्ट ब्रीडरच्या हातात नसून मालकाच्या हातात आहे. अमेरिकेत 48 लॅब्राडॉरांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात भावंडांच्या जोड्यांपैकी एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले होते. ती सडपातळ कुत्री साधारणपणे जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली आणि त्यांना सांधेदुखी उशिरा आली. आपल्याकडे गुळगुळीत फरशीवर वाढणाऱ्या आणि लाडाने चपाती-तूप खाणाऱ्या गुबगुबीत पिल्लाला निर्दोष आईवडीलसुद्धा पूर्णपणे वाचवू शकत नाहीत.

लहान ब्रीडर, नाशिक

मी घरीच, फार थोड्या माद्या ठेवून, लॅब्राडॉरची पैदास करते. एक्स-रे, जनुकीय चाचण्या, गाभण मादीचे खाणे आणि पिल्लांच्या लसी यांचा खर्च धरला की माझे पिल्लू बाजारातल्या पिल्लापेक्षा बरेच महाग पडते. फोनवर भाव ऐकून बोलणे संपवणारे लोक अधिक, आणि आईच्या खुब्याचा अहवाल मागणारे फारच थोडे. पिल्लू दिवसातले किती तास एकटे राहील, घरात लहान मुले आहेत का, सोसायटीची अडचण आहे का, हे मी विचारते तेव्हा काही जणांना राग येतो. काही कारणाने कुत्रे सांभाळणे अशक्य झाले तर ते मलाच परत द्यावे, हे मी लेखी घेते. निवारा यांना मी विनंती करीन की आमच्यासारख्यांना आणि पिंजरेवाल्यांना एकाच तराजूत तोलू नये.

निवारा

आपण परत घेण्याची लेखी हमी देता याचा मी आदर करते, आणि सगळ्यांनी तसे केले तर आमच्याकडचे अनेक पिंजरे रिकामे राहतील. तरीही माझे मत बदललेले नाही. आपल्याला फोन करून भाव ऐकताच ज्यांनी बोलणे संपवले, त्यांनी त्यानंतर पिल्लू कुठून आणले असेल, हा माझा प्रश्न आहे.

माळवाट

त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, परंतु त्याचा एक भाग नोंदणीत आहे. 2017 चे नियम लागू असूनही ब्रीडरला नोंदणी क्रमांक विचारण्याची सवय खरेदीदारांना लागलेली नाही. विनानोंदणी विक्रीची तक्रार जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे करता येते. निवारा, आपल्याकडे सोडून दिलेली कुत्री येतात तेव्हा त्यांच्या चिप तपासून ती मूळ कोणत्या ब्रीडरकडची, याची नोंद आपली संस्था ठेवते का? ठेवत असल्यास अशा तक्रारींसाठी ती नोंद वापरता येईल.