मदत हवी आहे: घरोघरी शिवलेले गोधडीचे चौकोन जुळत नाहीत

आमच्या गटात प्रत्येकीने घरी एक चौकोन शिवायचा आणि महिनाअखेरीस सगळे जोडायचे, असं चालतं. वर रंगीत सुती तुकडे, मधे जुन्या साडीचे दोन थर, खाली मांजरपाट. कापताना सगळे १३ इंच. धावदोरा घातल्यावर मात्र कुणाचा साडेबारा, कुणाचा जेमतेम बारा! दाट टाके नि ओढलेला दोरा कापड आत खेचतो, हे उघड आहे. त्यात काहींनी मांजरपाट न धुताच वापरलाय, तो पहिल्या धुण्यात आणखी आटणार. सगळे बाराला छाटले तर कडेचे टाके उसवतात. त्यापेक्षा लहान चौकोनांना रुंद पट्टी लावून सगळे १४ इंचांचे करावेत का? पट्टी कापडाच्या उभ्या धाग्यावर कापावी की उरेप, म्हणजे तिरकी? उरेप ताणली जाते, म्हणून धाकधूक आहे.