चावीचं चित्र असलेली लाल लाइट भराभर लुकलुकते, इंजिन दोन सेकंदांत बंद पडतं

पाचवा गिअर
पेट्रोल गाडी, स्टेअरिंगच्या बाजूला चावी फिरवून सुरू होणारी. लॉक केल्यावर डॅशबोर्डवरची लाल लाइट सावकाश लुकलुकते, ते आधीपासूनच आहे. आता इग्निशन ऑन केल्यावरही ती लुकलुकते, आणि खूप भराभर. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पकडतं आणि दोन सेकंदांत बंद पडतं. बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवते. रिमोटने दरवाजे व्यवस्थित उघडतात, म्हणजे चावी ठीक असावी. गेल्या आठवड्यात फक्त तिचं फुटलेलं शेल, म्हणजे बाहेरचं प्लास्टिकचं कवच, बदललं. बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवली, फरक नाही. फ्युएल पंप बघू का?

लाल वायर
पंपाला अजून हात लावू नका. पंप गेला असता तर ही लाइट लुकलुकली नसती. गाडी बंद असताना एक-दोन सेकंदांनी एकदा लुकलुकणं म्हणजे इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) चालू आहे, एवढंच. त्यात बिघाड नाही आणि त्याने बॅटरीही उतरत नाही. इग्निशन ऑन केल्यावर लाइट दोन-तीन सेकंद स्थिर राहून विझायला हवी. तिथे ती भराभर लुकलुकत असेल, तर गाडीने चावी ओळखलेली नाही. मग इंजिनचं कंट्रोल युनिट इंजेक्टर, म्हणजे पेट्रोलचा फवारा, बंद करतं. बऱ्याच गाड्यांत सेल्फ अडवला जात नाही, म्हणून इंजिन पकडून लगेच मरतं.

रिमोट चालतो म्हणून चावी ठीक, हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. रिमोट ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्याला सेल लागतो. इमोबिलायझरची चिप वेगळी असते: साधारण १२५ किलोहर्ट्झ, सेल नाही. इग्निशनच्या कुलपाभोवतीची कॉइल तिला वीज पुरवते आणि तिचा कोड वाचते. रिमोटचा सेल पूर्ण गेला तरी अशी गाडी सुरू होते, आणि चिप नसेल तर नवा सेल घालूनही होत नाही.

शेल बदललंत ना? जुनं शेल टाकलं नसेल तर आधी ते उघडा. पात्याच्या मुळाशी छोट्या खाचेत काळा ठोकळा किंवा काचेची बारीक नळी दिसते का बघा. रिमोटची पाटी (सर्किट बोर्ड) नव्या शेलमध्ये जाते आणि चिप जुन्यातच राहते, हे फार सर्रास होतं.

कॉइल आणि कनेक्टर
वरच्याशी सहमत, एक भर. काही चाव्यांत चिप रिमोटच्या पाटीवरच असते, तिथे वेगळा ठोकळा मिळणार नाही. त्यामुळे शेल उघडण्याआधी दुसरी चावी लावून बघा. ती जुडग्यातून सुटी करा, कारण शेजारी दुसऱ्या गाडीची चिप असलेली चावी लटकत असेल तर वाचनात गडबड होते.

दुसऱ्या चावीने दर वेळी सुरू झाली तर दोष पहिल्या चावीत. दोन्हींनी कधी होते, कधी नाही असं असेल तर कॉइल किंवा तिचा कनेक्टर. तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, एअरबॅगसाठी किमान दहा मिनिटं थांबा आणि मगच स्टेअरिंग कॉलमचं कव्हर उघडा. कॉइलच्या दोन टोकांत मल्टीमीटरने रोध मोजा. अनंत दाखवला तर कॉइल तुटली आहे. कॉइल आणि इलेक्ट्रॉनिक्स एकाच डब्यात असेल तर ही मोजणी उपयोगाची नाही, तिथे फक्त सप्लाय, अर्थिंग आणि फ्यूज तपासा.

बॅटरी काढून काही साधत नाही. चाव्यांची नोंद असलेली मेमरी वीज गेली तरी पुसली जात नाही, आणि ती पुसली जात असती तर इमोबिलायझरला अर्थच उरला नसता. बॅटरी मोजायचीच तर सेल्फ फिरताना मोजा. ९.६ व्होल्टच्या खाली गेली तर कंट्रोल युनिट अडखळतात आणि अशीच लक्षणं दिसू शकतात.

ओबीडी
गाडीतले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर असेल तर पी०५१३ म्हणजे चुकीची चावी, पी०६३३ म्हणजे इंजिन युनिटमध्ये चावीची नोंदच नाही, यू०१६७ म्हणजे इमोबिलायझर युनिटशी संपर्क तुटला. तिसरा आला तर चावी सोडा, वायरिंग बघा. साधे स्कॅनर बऱ्याचदा फक्त इंजिन युनिट वाचतात, त्यामुळे कोड नाही म्हणजे दोष नाही असं समजू नका.

पाचवा गिअर
दुसऱ्या चावीने पाचपैकी पाच वेळा सुरू झाली, लाइट तीन सेकंदांत विझली. जुनं शेल मिळालं. खाचेत काळा ठोकळा आहे, पण गोंदाने चिकटवलेला. कसा काढू?

लाल वायर
उपटू नका. ठोकळा दिसत असला तरी चिपच्या आतली स्वतःची कॉइल केसासारख्या बारीक तारेची असते. पक्कडने दाबली की ती तुटते, आणि मग नवी चिप स्कॅनर लावून गाडीला शिकवावी लागते. ठोकळ्याभोवतीचं प्लास्टिक ब्लेडने थोडं थोडं कापा आणि चिप मोकळी करा. हीट गन नको. नव्या शेलमध्ये त्याच जागी, पात्याच्या मुळाशी बसवा. मागच्या टोकाला बसवली तर कुलपाभोवतीच्या कॉइलपासून दूर पडते आणि कधी वाचली जाते, कधी नाही. पक्कं बसवायला सिलिकॉनचा एक थेंब पुरतो. शेल बंद करण्याआधी नुसती चावी इग्निशनमध्ये घालून लाइट विझते का ते बघून घ्या.